मेलोरा देशाची जुनी बॅग

“मॅडम, तुमचा देश खराच आहे का, की या टेबलापुरताच?”

मित्रांनो, हा प्रश्न आला तेव्हा मी त्याच टेबलाखाली अंग चोरून बसले होते. विचारणारी होती सोनिया, करमाडच्या शाळेतली दहावीची मुलगी. तिच्या मागं मैत्रिणी एकमेकींच्या पाठीत तोंड लपवून खिदळत होत्या. पैज त्यांचीच. “पूछ ना, डरती क्या?” म्हणत माहनूरनं तिला पुढं ढकललं होतं. मागच्या वर्षीपर्यंत ही सोनिया हजेरी देतानासुद्धा लाल व्हायची म्हणे! पण दिवाळीनंतर शाळेच्या परिपाठाचं सूत्रसंचालन तिच्याकडं आलं आणि तिला स्वतःचा आवाज सापडला. सापडला तो इतका मोठा, की कुठं ठेवावा हेच तिला कळेना.

“खरा आहे गं,” लेआना मॅडम हसून म्हणाल्या. “लहान आहे, म्हणून पटकन दिसत नाही.”

तेही चक्क मराठीत! पोरींची तोंडं उघडीच राहिली.

या मराठीमागची गोष्ट मला ठाऊक आहे. मी एक जुनी बॅग आहे, आणि माझा जन्म करमाडजवळच्याच शहरातला, शहागंजातल्या मुबारकभाईंच्या दुकानातला. प्लायवूडचा सांगाडा, वर तपकिरी रेक्झिन, चारी कोपऱ्यांना पितळी पट्ट्या. शेवटचा खिळा ठोकून मुबारकभाई म्हणाले, “ये बॅग दुनिया घूमेगी!” असं ते प्रत्येक बॅगेला म्हणत. माझ्या बाबतीत ते खरं ठरलं.

मला विकत घेतलं ते लेआनानं. दूर समुद्रातल्या मेलोरा नावाच्या बेटावरची ही मुलगी भारतानं दिलेल्या शिष्यवृत्तीवर इथं शिकायला आली होती. गारखेड्यात आवडाबाईंच्या खोलीत ती भाड्यानं राहायची. आवडाबाई वाटीभर भाजी पाठवायच्या, लेआना वाटी लख्ख घासून परत द्यायची. एकदा आवडाबाईंनी तिचा कान धरला. “बाळा, कुणाचं भांडं रिकामं परत देत नसतात. काय नसलं तर चिमूटभर साखर टाकावी.” लेआनाची मराठी अशीच वाट्यांबरोबर ये-जा करत तयार झाली.

शिकून ती मायदेशी गेली. तिथं तिला नोकरी लागली ती देशाची ओळख जगाला करून द्यायची! मेलोरा केवढा? सगळी माणसं आपल्या एकट्या गारखेड्यात मावतील एवढा. मग काय, मी आणि मॅडम देशोदेशी फिरलो. माझ्या पोटात मेलोराची लवंग, बेटाचे नकाशे आणि निळ्याशार पाण्याचे फोटो. अख्खा देश उचलून चालल्यासारखं वाटायचं मला! एका मोठ्या देशाच्या मंत्र्यानं माझ्या कोपऱ्यावर टिचकी मारून “मजबूत आहे” असं म्हटलं होतं. ते मी अजून विसरले नाही.

मग मेलोरात वादळ आलं. घरांचे पत्रे उडाले, होड्या फुटल्या. जगातून मदत आली, भारतातूनही आली, आणि घरोघर औषधं पोचवायला मी मॅडमच्या हातात होते. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “मदतीनं जीव वाचला. पण घेणाऱ्याचा हात कायम खालीच राहतो. आपल्यालाही काही देता आलं पाहिजे.”

त्यानंतर मॅडमना चाकांची नवी बॅग मिळाली आणि मी अडगळीत पडले. ओल्या हवेनं माझं रेक्झिन सोलवटलं, एका कडीला गंज चढला. कुणी माझ्याकडं बघेना. मित्रांनो, जी वस्तू रोज हातात असते तिला कोपरा फार टोचतो.

यंदा मात्र शेंद्र्याजवळ व्यापार आणि पर्यटनाचं मोठं प्रदर्शन ठरलं. मॅडमनी मला धूळ झटकून बाहेर काढलं. “चल, तुझं माहेर आहे ते.” निघताना त्यांच्या हाती मेलोराच्या सरकारचं एक पत्रही पडलं. या खेपेला लवंगेला गिऱ्हाईक मिळालं नाही, तर मेलोराचं भारतातलं काम कायमचं बंद.

दोन दिवस आमच्या टेबलाकडं कुत्रंही फिरकलं नाही. मोठ्या देशांच्या मांडवात झगमगाट, सेल्फी, फुकटच्या पिशव्या! आमच्याकडं एक फोटो आणि रंगीत दोऱ्यानं बांधलेल्या लवंगेच्या शंभर पुड्या. शेजारी करमाडच्या बचत गटाचा स्टॉल. सोनियाची आई रत्नमाला तिथं येसर विकत होती. येसर म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींचा मसालेदार कूट. उकळत्या पाण्यात टाकला की आमटी तयार.

तिसऱ्या दिवशी सोनियानं तो पैजेचा प्रश्न विचारला आणि नंतर तिला स्वतःचीच लाज वाटली. अर्धा तास ती मेलोराबद्दल विचारत राहिली. मग टेबलावरच्या पुड्यांकडं तिचं लक्ष गेलं. दिवस संक्रांतीनंतरचे. रथसप्तमीपर्यंत आपल्याकडं बायका हळदीकुंकू करतात, वाण लुटतात. रंगीत दोरा, नीट मांडलेल्या पुड्या, टेबलामागं पाहुणी बाई! सोनियाला वाटलं, हे वाणच. आणि तिनं परिपाठाचा आवाज लावला.

“या या, मेलोराच्या मॅडमनी वाण ठेवलंय! लुटा, लुटा!”

बायका आल्या म्हणजे काय, लोंढाच आला! रत्नमाला कुंकवाचा करंडा घेऊन धावली. मॅडमनी काही बोलायला तोंड उघडलं, तोवर त्यांच्या कपाळाला कुंकू लागलंसुद्धा. “मला पण!” म्हणत माहनूरनंही एक पुडी उचलली. दहा मिनिटांत टेबल मोकळं.

“बघा मॅडम, कशी गर्दी जमवली!” सोनिया फुशारली.

मॅडम खुर्चीत बसल्या. “सोनिया, ते नमुने होते. उद्या अकराला मसाल्याचे व्यापारी बन्सीशेठ यायचेत. लवंग बघायला.”

“अजून असतील ना?”

“जहाजानं यायला महिना लागेल.”

सोनियाचा चेहरा पार उतरला. “मग तुम्ही ‘नाही’ का म्हणाला नाहीत?”

“आवडाबाईंनी शिकवलं होतं, वाणाला आलेल्या बाईला नाही म्हणू नये.”

मग मॅडमनी तिला सरकारच्या पत्राचं सांगितलं. सोनियाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती रडत बसली नाही. तिनं टेबलाखाली हात घालून मला ओढलं. “ही बॅग द्या. बहुतेक बायका आमच्याच गावच्या होत्या. घरोघर जाऊन लवंगा गोळा करते.”

बस मिळेस्तोवर दुपार सरली. अशी मी दिवस मावळता मावळता करमाडला पोचले. पण हाय रे देवा! बचत गटाचा येसर त्या दिवशी लवकरच संपला होता, म्हणून रत्नमाला आणि बायका वाण घेऊन तडक गावी परतल्या होत्या. नवा करायला रत्नमालेच्या अंगणात बायका जमल्या होत्या, आणि सगळ्यांनी वाणातल्या लवंगा त्यातच टाकल्या होत्या. भाजून झालं होतं, कुटून झालं होतं.

“आई, माझ्यामुळं एका देशाचं दुकान बंद पडंल गं!”

“मंग आता येसरातून लवंग निवडून काढू व्हय?” रत्नमाला म्हणाली. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. “पर कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं. आण ती बॅग इकडं.”

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बन्सीशेठ आले. मॅडमनी मला उघडलं. आत येसराच्या पुड्या, भाकरी आणि एक पातेलं.

“मी लवंग बघायला आलो,” शेठ कपाळाला आठ्या घालत म्हणाले. “हा कूट कशाला?”

तेवढ्यात सोनिया पुढं झाली. “शेठ, चूक माझी आहे. नमुने मी वाटून टाकले. लवंग या येसरात आहे. आईनं आमटी आणलीय, एकदा चाखा. नाही आवडली तर मॅडमना दोष देऊ नका.”

“डोळ्यानं बघून लवंग कळत असती व्हय शेठ?” रत्नमालेनं वाटी पुढं केली. “बसा निवांत.”

शेठनी भाकरी मोडली. एक घास. मग दुसरा. मग त्यांनी वाटी परत पुढं केली. दुसरी वाटी संपल्यावर म्हणाले, “हिच्यात लवंग किती?”

“एरवी घालतो त्याच्या निम्मी. पर घमघमाट बघा की!”

“निम्मी?” शेठ ताठ बसले. “मॅडम, पहिली दोन पोती मागवा. वास असाच निघाला तर दर हंगामात घेईन.”

मॅडमनी टेबल दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मग म्हणाल्या, “एक अट आहे. पाकिटावर आमच्या देशाचं नाव हवं.”

“आन् आमच्या गावाचं!” रत्नमालेनं लगेच जोडलं. “मेलोराची लवंग, करमाडचा येसर.”

ही वार्ता मांडवभर पसरली. दुपारपर्यंत आमच्या टेबलापुढं रांग! अकरा बायकांनी तर मेलोराच्या सहलीसाठी नावंच लिहून दिली. एकीनं विचारलं, “लई लांब हाय का? अन् तिथं चूल मिळंल ना?” मॅडम म्हणाल्या, “चूल माझ्या घरची. भाकरी मात्र तुम्ही थापायची.” मला वाटलं, आज मेलोराचा हात खाली नव्हता. दोन हात समोरासमोर होते.

निघायच्या दिवशी मॅडमनी मला सोनियाच्या हातात दिलं. पूर्ण रिकामी.

“अहो, रिकामी?” सोनिया चमकली.

“मुद्दामच. भांडं तुझ्याकडं राहिलं की येणं-जाणं राहतं.”

मित्रांनो, आता मी करमाडला असते. माहनूरनं माझी कडी घासूनपुसून चकचकीत केली आणि रेक्झिनला तेलाचा हात लावला. तुमच्याही घरात माळ्यावर माझ्यासारखं कुणीतरी पडलं असेल. फेकण्याआधी एकदा उघडून बघा, थोडी फुंकर घाला. आणि एखादा देश किंवा एखादं माणूस लहान दिसलं, तर ते खरं आहे का असं विचारण्याआधी जरा जवळ जाऊन बसा.

काल संध्याकाळी सोनियाचे पप्पा कंपनीतून आले. आई आमटीला फोडणी देत होती. सोनियानं मला उचलून दोघांच्या मधोमध ठेवलं, कंबरेवर हात घेतले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं, “आई, पप्पा, ऐका! अकरावीला मी कॉमर्स घेणार. आणि शिकून झालं की ही बॅग परत द्यायला मेलोराला मीच जाणार. काठोकाठ भरून!”