नुसतं पाणी

चार्जिंगच्या खोलीत सडक्या अंड्यांचा वास येतो आणि आमचे जावईबापू त्यावर गुलाबाचा स्प्रे मारतात. दोन्ही मिळून जे काही तयार होतं, ते दिवसभर नाकातून जात नाही. मला आताशा खरा गुलाब पाहिला तरी मळमळतं.

एका भल्यामोठ्या दुकानात फरशी धुण्याचं आमचं काम. फडकं घेऊन नव्हे, मशीनने. वर बसायचं, चावी फिरवायची, खालचे ब्रश गरगरतात आणि मागून पाणी ओढलं जातं. मशीन बॅटऱ्यांवर चालतं आणि दुकान बंद झालं की चार्जिंगला लागतं. पूर्वी जावईबापू आणि मी शेजारी शेजारी मशीन चालवायचो. मग ते माझे जावई झाले, त्यानंतर सुपरवायझर झाले. पहिल्या बढतीने काही बिघडलं नव्हतं, दुसरीने डोक्यात हवा गेली.

बॅटऱ्यांचं शिक्षण आम्हा दोघांना एकाच म्हाताऱ्या मेकॅनिकने दिलं. आतल्या पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढंच पाणी आधी घाला, बाकीचं चार्जिंग झाल्यावर. आधीच काठोकाठ भरलं की चार्ज होताना आतलं उसळतं आणि बुचांतून ॲसिड बाहेर येतं. खोलीला वारा हवा, ठिणगी नको, कारण आतून निघणारा वायू पेट घेतो. हातात मोजे, डोळ्यांवर गॉगल. म्हातारा हे इतकं घोकवायचा की आम्ही त्याची नक्कल करून खिदळायचो. जावईबापूंना ती नक्कल माझ्यापेक्षा चांगली जमायची.

बॅटऱ्या बघणारा माणूस सोडून गेला तेव्हा जावईबापूंनी त्या जागी कुणाला ठेवलं? स्वतःच्या बायकोला. म्हणजे माझ्या ठकीला. सकाळी चार्जिंग संपल्यावर पाणी घालायला माणूस मोकळा नसतो, म्हणून ठकीने संध्याकाळीच घरी जाण्याआधी सगळ्या बॅटऱ्या काठोकाठ भरायच्या आणि सकाळी येऊन सांडलेलं पुसायचं. पंखा बंद, कारण तो वास गिऱ्हाइकांकडे फेकतो. खिडकीही त्याच कारणाने बंद. मोजे आणि गॉगल मात्र दाराशेजारी खुंटीवर लटकलेले, प्लास्टिकसकट. पाहणीला येणाऱ्या साहेबांना दिसायला हवेत ना!

मला हे सगळं कळलं ते ठकीच्या कपड्यांवरून. सुट्टीच्या दिवशी ती गणवेश शिवायला घेऊन आली. सुती पॅन्ट, मांडीवर चाळणी झालेली.

"अगं, हे काय?"

"काय की. धुतली की भोकं पडतात. हे म्हणाले, कसर लागली असेल."

"आणि बसतेस कुठे तू?"

"मशीनशेजारी क्रेट आहे ना, पालथा. त्यावर बसून बुचं पुसते. ओला असतो जरा. पण नुसतं पाणी आहे आई, मीच तर घालते."

मी तिला साडी वर करायला लावली. मांडीवर लाल चट्टे, खाजवून खाजवून सोललेले. डोळेही चुरचुरत होते तिचे, सारखी चोळत होती. आज मांडी आहे, उद्या बूच काढताना शिंतोडा डोळ्यात उडाला तर पोरगी जन्माची आंधळी होईल. मी हे तिला तोंडावर सांगितलं. ती हसली. "त्यांना माहीत असतं तर मला बसवलं असतं का तिथे?"



मी जावईबापूंकडे गेले. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला, 'आई, आई' करत गोड गोड बोलले. "पाणी घातलं, तर पाणीच बाहेर येणार ना, आई? तुम्ही उगाच जिवाला लावून घेता." बोलताना त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर ठरत नव्हती. आवाज मात्र तुपात घोळलेला. मला त्या खोलीतल्या वासाची किळस येते, पण त्या दिवशी त्या माणसाची जी शिसारी आली तिच्यापुढे तो वास परवडला.

पाहणीच्या दिवशी सकाळी मी ठकीबरोबरच पोचले. दार उघडलं आणि भपकारा आला. मी तिला बाहेरच थांबवलं. खोलीतल्या एकाही बटणाला हात न लावता आधी दार आणि खिडकी सताड उघडली, बाहेरच्या मुख्य खटक्याने चार्जर बंद केला आणि चांगला वारा खेळू दिला. मग आत पाहिलं. बॅटऱ्यांच्या माथ्यावर थारोळं, टर्मिनलांवर हिरवट-पांढरा बुरा, बाजूंनी ओघळ आणि ठकीच्या क्रेटवर तेलकट चकाकणारे थेंब. काल रात्रीचे, तरी वाळले नव्हते. पाणी असतं तर वाळलं नसतं का?

तेवढ्यात जावईबापू अवतरले. कडक इस्त्रीचा शर्ट, नवीकोरी बदामी पॅन्ट, हातात गुलाबाच्या स्प्रेचा डबा. मी डबा त्यांच्या हातातून काढून बाहेर ठेवला.

"अहो आई, साहेब येतीलच इतक्यात! ठकी, पूस ना पटकन."

ठकीने फडकं उचललं. मी तिचा हात धरला.

"पुसेल हो. तुम्ही दमून आलात, जावईबापू. बसा आधी." आणि क्रेट पायाने त्यांच्यापुढे सरकवला.

त्यांनी क्रेटकडे पाहिलं. मग पॅन्टकडे.

"मी उभाच बरा आहे."

"असं कसं? घरची माणसं आपण. ठकी रोज बसते की इथे."

"ओला आहे तो, आई."

"नुसतं पाणी तर आहे."

ते मागे सरकले, तेही पॅन्टचे पाय दोन्ही हातांनी वर धरून, थेंबापासून लांब. चेहरा असा, जणू कुणी पुढ्यात मेलेला उंदीर टाकलाय. एवढी काळजी म्हाताऱ्याच्या शिकवणीतलं अक्षरन् अक्षर लक्षात असलेला माणूसच घेतो.

ठकी ते बघत होती. माझ्याकडे नाही, त्या वर धरलेल्या पॅन्टकडे. बाहेर साहेबांचे आवाज ऐकू यायला लागले आणि जावईबापू दबक्या आवाजात म्हणाले, "ठकी, प्लीज."

तिने खुंटीवरून मोजे आणि गॉगल काढले, प्लास्टिक टराटरा फाडलं. मला वाटलं, चला, निदान घालून तरी पुसेल. तिने ते फडक्यासकट नवऱ्याच्या हातात कोंबले.

"तुम्हीच पुसा," ती म्हणाली. "आणि गॉगल नीट लावा. तुम्हाला माहीतच आहे, डोळ्यांत उडतं ते."