टेस्टप्पाचं स्थळ

मृत्युंजयला कॉम्प्युटरमध्ये एक खोटा नवरा घालून बघायचा होता. एवढंच.

लक्ष्मीपुरीतल्या वधूवर मंडळाचा प्रोग्रॅम त्यानंच लिहिलेला. आता त्यात स्थळं आपोआप जुळवायची सोय केली होती. ती चालते का हे माहितीची कॉपी काढून तिच्यावर बघायचं असतं, हे त्याला ठाऊक होतं. पण मिनिटभराच्या कामाला कॉपी कोण काढत बसतंय? खऱ्या नवरदेवांतच त्यानं एक घुसवला. इंजिनिअर, सहा फूट, ऊस-बागायत, निर्व्यसनी. नाव 'टेस्ट'. ते बोडकं दिसायला लागलं म्हणून गमतीनं पुढं 'अप्पा' जोडला आणि चहाला गेला.

तोवर मंडळाचे अध्यक्ष रेवणसिद्धअप्पांनी लेकीसाठी बटण दाबलं. लेक सौंदर्या. तिनं मृत्युंजयला कधीच होकार दिलेला, अप्पांना विचारायचं तेवढं राहिलेलं.

"हे टेस्टप्पा कुठलं रं?" अप्पा हरखले होते.

"ते... असंच, अप्पा."

"सीमेकडचं असणार. बसप्पा, मल्लप्पा, टेस्टप्पा. आपल्यातलंच की! घाल पत्र."

खरं सांगावं तर फजिती, न सांगावं तर सौंदर्या टेस्टप्पाच्या गळ्यात. मग त्यानं टेस्टप्पालाच बिघडवायचं ठरवलं. 'व्यसन: दारू' असा हुकूम कॉम्प्युटरला सोडला. फक्त कुणाला पाजायची, ते सांगायचं विसरला. कॉम्प्युटरनं सगळ्यांनाच पाजली. यादीत स्वतःचंही नाव घातलेल्या मृत्युंजयसकट मंडळाचे झाडून सगळे नवरदेव दारुडे झाले आणि तशीच यादी छापून टपालानं घरोघरी गेली.

मंडळाचा फोन थांबेना. शेवटी मृत्युंजयनं अप्पांसमोर सगळं ओकून टाकलं, सौंदर्याचंसुद्धा.

अप्पा मटकन बसले. "म्हंजे टेस्टप्पा न्हाईच? चांगलं पोरगं हुतं की रं!"

डबा घेऊन आलेली सौंदर्या पदरात तोंड खुपसून हसत होती. "एका बोटानं सगळ्या जिल्ह्याला पाजलीस की!"

"तू गप ग!" अप्पा गरजले, मग मृत्युंजयकडं वळले. "आणि तू चल. घराघरात माफी मागायची. मग तुझं काय ते बघतो."

निघाले दोघं. गडमुडशिंगीत नवरदेवच भेटला. मृत्युंजयनं 'दारू' म्हणताच तो पांढराफटक पडला. "कुणी सांगितलं तुमास्नी? संगं बसणाऱ्या आकारामनं न्हवं?"

अप्पांनी मृत्युंजयकडं तिरकं बघितलं.

आजऱ्यात तर नवरदेवाच्या आईनं माफीचा 'मा'सुद्धा ऐकून घेतला नाही. लेकाला परड्यात पिटाळलं, दार ओढून घेतलं आणि आवाज उतरवला. "पावणं, आमी भावकीतबी बोललो न्हवतो. कॉम्प्युटरला कसं कळलं वो?"

मृत्युंजय "चूक झाली" म्हणायला तोंड उघडतोय तोच अप्पांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला. छाती फुगली होती.

"आमच्या जावयाचा कॉम्प्युटर हाय, अक्का. त्याच्यापास्नं काय लपतंय व्हय?"