पूलनाथांच्या तळ्यातली ठेव

कसबा बावड्यातल्या एका मंगल कार्यालयात रविवारी सकाळी तीस-पस्तीस माणसं डोळे मिटून आपापल्या फोनशी बोलत होती. समोर पाटावर हळदकुंकू वाहिलेला एक मोबाइल उभा केला होता. त्याला झेंडूचा जाड हार घातल्यामुळे स्क्रीन मधूनच आपोआप दाबली जायची आणि टॉर्च लागायचा. तेवढ्यानंही लोक हात जोडत होते.

शेजारी पूलनाथ महाराज बसले होते. अंगात भगवा झब्बा, कानात ब्लूटूथ.

"पावणं, बँक तुमाला काय देती? कॅलेंडर," महाराज म्हणाले. "हितं तुमची डिजिटल डॉलरची ठेव पूलमधी जाती आणि दर सेकंदाला वाढती. मधी मॅनेजर न्हाय, फॉर्म न्हाय, जेवायची सुट्टी न्हाय."

"कुठला पूल?" ऊसवाहतूक करणाऱ्या पिराजीनं विचारलं. "पंचगंगेवरचा? त्यो पावसात बुडतोय की."

"त्यो न्हवं. हे अदृश्य तळं हाय. जगातली माणसं त्यात पैसे ठेवत्यात, दुसरी तारण देऊन कर्ज काढत्यात. व्याज आपल्याला."

मी शाळेत विज्ञान शिकवतो. लबाडी पकडायलाच गेलो होतो. आधी वाटलं, हे डिजिटल डॉलरचं नाणंच खोटं असणार. दोन दिवस शोधाशोध केली, तर नाणं खरं निघालं. महाराजांना रोख पैसे दिले की डॉलर खरोखर आपल्याच फोनातल्या पाकिटात यायचे. तळंही खरं होतं. मग फोनमधल्या एआय एजंटला, म्हणजे सांगितलेलं काम करणाऱ्या बोलक्या यंत्राला, मराठीत सांगायचं, "देवा, माझे डॉलर तळ्यात ठेव." तो व्यवहार जुळवून स्क्रीनवर मांडायचा. डोळे मिटून अंगठा लावला की ठेव जमा, आणि भिंतीवरच्या पडद्यावर आकडा सरसर वर चढायचा. डोळे उघडे ठेवले तर व्याज आटतं, अशी महाराजांची ताकीद होती.

ठेव काढून बघितली होती एकट्या पिराजीनं. हाती शून्य आलं. "अंगठा लावताना तू एक डोळा उघडा ठेवलातास," महाराज म्हणाले. त्या आठवड्यात पिराजीच्या डोळ्याला रांजणवाडी झाली होती, त्यामुळे त्याला स्वतःचीच खात्री देता येईना.

पुढच्या रविवारी धोंडुबाई आली होती. म्हैस विकून तिला घरघंटी घ्यायची होती, चार घरांचं दळण करून पोट भरायचं होतं. महिन्यात दोन घरघंट्या येतील, असं महाराजांनी सांगितलं होतं. सोबतीला शेजारच्या रत्नाबाई होत्या. एका पतसंस्थेच्या काउंटरवर तीस वर्षं बसून त्या निवृत्त झाल्या होत्या. चमत्कार सगळ्यांना ऐकू जावा म्हणून महाराजांनी धोंडुबाईचा फोन कर्ण्याला जोडला.

"धोंडू, थांब की," रत्नाबाई म्हणाल्या. "आधी स्लिप बघू."

"स्लिप न्हाय, रत्नाक्का. मंत्र हाय."

स्क्रीनवर अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक माळ होती. रत्नाबाईंनी चष्मा लावला. "ठेव कुणाच्या नावावर, त्यो रकाना कुठाय?"

"आजी, ही विकेंद्रित ठेव. हिला नाव नसतंय," महाराज म्हणाले.

"मग परत द्यायची कुणाला?"

महाराजांनी वर छताकडे पाहिलं. तिथे पंखा होता.

"ऱ्हाऊ दे, देवालाच इचारते." रत्नाबाईंनी फोन तोंडाशी धरला. "बाळा, ही ठेव धोंडुबाईच्या नावावर जाणार काय?"

फोन स्वच्छ मराठीत बोलला, "नाही. रक्कम धोंडुबाईंच्या पाकिटातून जाईल. ठेव 'आदर्श, स्वतःचं पाकीट' या पत्त्याच्या नावावर जमा होईल. पुढे जाण्यासाठी अंगठा लावा."

एकेक करून डोळे उघडले.

"आदर्श कोण?" पिराजीनं विचारलं.

"ते एक तत्त्व हाय," महाराज म्हणाले.

"तत्त्व कसलं?" मागून स्वप्नाली म्हणाली. ती शेजारच्या गल्लीत शिवणकाम करते. "गेल्या साली आमच्याकडं पाण्याचं मशीन विकून गेलता ह्योच. पावतीवर आदर्शच नाव हाय."

महाराज फोन बंद करायला पुढे झाले. "देव कोपलाय."

रत्नाबाईंनी फोन पदराखाली घेतला. "कोपतोय कशाला? इचारलं तेवढं सांगितलं बिचाऱ्यानं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नाणं खरं, तळं खरं, व्याजही खरं. खोट एकाच ओळीत होती. या तळ्यात स्वतःचे पैसे दुसऱ्याच्या नावावरही ठेवता येतात. फोन सुरू करून देताना महाराजांनी, म्हणजे या आदर्शनं, प्रत्येकाच्या एजंटला आधीच सांगून ठेवलं होतं, की नावाच्या जागी माझ्या पाकिटाचा पत्ता घाल. यंत्र सांगकाम्या. त्यानं घातला. पडद्यावर चढणारा आकडा आदर्शच्या ठेवीचा होता आणि टाळ्या आम्ही वाजवत होतो.

पिराजी दारात खुर्ची टाकून बसला. मी फोन केल्यावर पोलीस आले. त्यांच्यासमोर आदर्शला स्वतःच्याच हारवाल्या फोनशी बोलावं लागलं.

"देवा, ठेव काढ..."

"देवा म्हणू नगंस. सरळ सांग," रत्नाबाई म्हणाल्या.

एकेकाचा पत्ता अक्षर न् अक्षर जुळवून त्यांनी चोवीस जणांचे पैसे परत पाठवायला लावले. त्यात दुपार सरली. सात जणांचे मात्र आदर्शनं आधीच काढून उडवले होते. त्यांची तक्रार नोंदवली आहे, तपास चालू आहे. धोंडुबाईनं आपले डॉलर मोडून सोमवारीच घरघंटी आणली.

मला अजून लाज वाटते. शिकलेला माणूस असून मी नाण्यात खोट शोधत बसलो आणि साधा प्रश्न विचारला नाही. मराठी बोललं म्हणून यंत्र देव होत नाही. ते हुकूम पाळतं. हुकूम कुणाचा, ते आपण बघायचं. कुणी डोळे मिटायला सांगितलं तर ते नीट उघडा आणि विचारा, हे कुणाच्या नावावर जातंय? आणि प्रश्न ऐकून समोरच्याला राग आला, तर अंगठा खिशात घालून घरी या.