मागच्या दाराची चावी

आत्या घरातून गेली तर राणीसरकारांच्या पदरात काय काय पडणार होतं? दप्तराची झडती बंद, दुपारच्या चौकशा बंद. आणि मुख्य म्हणजे, पाळत ठेवायला माणूसच उरलं नाही की फळीवर कधीपासून पडून असलेल्या वसतिगृहाच्या अर्जावर बाबांनी मुकाट सही करायची. सोळाव्या वर्षी इतका पक्का आडाखा बांधता येतो, याचं तिला स्वतःचंच भारी कौतुक होतं.

बाप कुलूपवाला. दुकानात कुलपं दुरुस्त करायची आणि घरात माणसांना कुलपं लावायची, हा त्याचा उद्योग. पोरीचा फोन कपाटात, कपाटाची चावी कमरेला. ती न्हाणीघरात जरा जास्त रेंगाळली की हा बाहेर उभा राहून खोकणार. बायको गेल्यावर सहा वर्षांपूर्वी त्याने बहिणीला घरी आणलं, ते काही मायेचा पूर आला म्हणून नव्हे. घरात डोळे हवेत म्हणून. पुढचं दार दुकानाच्या अगदी समोर, त्यावर त्याची स्वतःची नजर. मागच्या दाराला कायम कुलूप, आणि त्याच्या चाव्या दोनच: एक त्याच्याकडे, एक आत्याकडे.

राणीसरकारांनी शाळेच्या वाटेवर सिगारेटची तीन थोटकं वेचली, मोज्यात लपवून घरी आणली आणि एक दिवसाआड मागच्या दाराच्या आतल्या पायपुसण्यावर टाकली.

"हे काय?" तिसरं थोटूक चिमटीत धरून बापाने विचारलं.

"जाऊ द्या ना, बाबा."

"राणीसरकार, मी विचारतोय."

"आत्याला रागावू नका हं. दिवसभर एकटी असते बिचारी. तिलाही वाटत असेल ना, बोलायला कुणीतरी असावं."

आणि डोळ्यांत बेताचं पाणी. वाक्यावाक्यात माया, खोटं असं एकही नाही. कुणी पकडायचं?

बापाने बहिणीला हाक मारली. "दुपारी मागच्या दाराने कोण येतं?"

"दादा, भलतंच काय! ते दार मी आजवर उघडलेलं नाही."

"चावी ठेव इथे. बॅग भर."

आत्याने भाचीकडे पाहिलं. भाची वहीत समास आखत होती, अगदी सरळ. आत्याने चावी टेबलावर ठेवली. उंबऱ्यात थांबून म्हणाली, "दादा, अर्जाची शेवटची तारीख शुक्रवार आहे."

जाता जाताही चोंबडेपणा, असं मनात म्हणून राणीसरकारांनी दुसरा समास आखला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने बापापुढे अर्ज सरकवला. "बाबा, आता मी घरात एकटीच. तुम्हालाच काळजी. वसतिगृहाची भिंत म्हणे दोन पुरुष उंच आहे."

बाप हसला. टेबलावरची आत्याची चावी त्याने तिच्या हातात दिली. "जा, मागचं दार उघड."

तिने चावी घातली. चावी फिरेना. जोर लावला, बोटं लाल झाली. कुलूप ढिम्म.

"एक दात मीच कानशीने घासलाय," बाप मागून म्हणाला. "सहा वर्षांपूर्वी, तिला द्यायच्या आधी. ही चावी या कुलपात कधी फिरलीच नाही. मग आत थोटकं टाकणार कोण, राणीसरकार? पहिलं दिसलं तेव्हाच कळलं मला."

तिने चावी कुलपातून ओढून काढली. "मग आत्याला का घालवलंत?"

"हा अर्ज आणला कुणी? तिने. 'दादा, पोरीला जाऊ दे, इथे गुदमरेल ती.' सहा महिने रोज एकच टकळी. शेवटी मी कबूलही झालो असतो. घालवायला निमित्त मिळत नव्हतं, ते तू दिलंस." त्याने अर्जाची नीट चौपदरी घडी केली आणि खिशात घातली. "उद्यापासून शाळा सुटली की दुकानात. माझ्या शेजारी."

तेव्हा एकंदर जमाखर्च असा. बापाला त्याचा पिंजरा शाबूत मिळाला आणि पक्षी स्वतःच्या चोचीने दार लावून घेतो, ही करमणूक वर. लेकीला बापाच्या शेजारचं स्टूल मिळालं. हुशारी तिची, तेव्हा स्टूलही तिचंच. पण सहा वर्षं जवळ बाळगलेली चावी एकदाही लावून न पाहणारी माणसं जगात असतात, आणि असल्या बापलेकींचे डाव त्यांच्याच जिवावर रंगतात. आत्याला गावाच्या दुसऱ्या टोकाला एक खोली मिळाली. घरमालकिणीने चावी दिली. आत्याने ती पिशवीत टाकली आणि आधी विचारलं, "आज गुरुवारच ना हो?"