मी हेंतीलिको

मी एक जुना शब्द आहे. माझं नाव हेंतीलिको. तुम्ही मला कधी ऐकलं नसेल. त्यात लाजण्यासारखं काही नाही, ज्यांच्या भाषेतला मी, त्या स्पेनमधल्या लोकांनाही माझा विसर पडला आहे. जाडजूड शब्दकोशात माझ्यापुढे एवढंच लिहिलेलं आहे: 'बाप्तिस्मा न झालेल्या, मूर्तिपूजक लोकांसारखे.' थोडक्यात, मित्रांनो, माझा जन्मच नाक मुरडण्यासाठी झाला.

एका स्पॅनिश पाद्र्याच्या तोंडात बसून मी समुद्र ओलांडला आणि पेरूच्या डोंगरातल्या वायाकोचा गावी पोचलो. तिथे मला क्षणाची उसंत नव्हती. पाद्र्यानं बोट दाखवायचं आणि मी बाहेर पडायचं. शालीवर विणलेला साप? हेंतीलिको. पूर्वजांनी रचलेली, भूकंपालाही दाद न देणारी भिंत? हेंतीलिको.

गावकऱ्यांना माझा अर्थ कुणी सांगितला नाही. पण ती माणसं बारीक लक्ष ठेवणारी. त्यांनी पाहिलं, की तडा गेलेल्या मडक्याला, गळक्या छपराला, उसवलेल्या घोंगडीला पाद्री हा शब्द कधीच लावत नाही. ज्या वस्तूवरून हात फिरवावासा वाटतो, नेमका तिलाच लावतो. मग अर्थ उघडच होता. हेंतीलिको म्हणजे जुन्या हातचं, पक्कं, अस्सल.

तो पाद्री गेला, मी राहिलो. माझ्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस. बटाटे चांगले निघाले की लोकांना माझी आठवण यायची. सासू जावयाची ओळख करून द्यायची, "आळशी आहे मेला, पण दात बघा कसे हेंतीलिको." शिवी म्हणून आलेला मी, शाबासकी होऊन बसलो.

मग तुमच्या पणजोबांच्या काळात कधीतरी पाद्रे आन्सेल्मो आले. समुद्रकाठचा तरुण माणूस, डोंगर चढून धापा टाकणारा. त्यांच्याजवळ बिशपांचं पत्र होतं: सान इसिद्रो या संताच्या सणाआधी चर्चमधल्या सगळ्या हेंतीलिको वस्तूंची यादी करावी आणि त्या नष्ट कराव्यात. पत्रात मी माझ्या जुन्या, नाक मुरडणाऱ्या अर्थानं बसलो होतो. मला स्वतःचीच ओळख पटेना.

चर्चच्या दाराशी कंबरेएवढा एक रांजण होता, त्याच्या पोटावर पुमाचं तोंड. सणाला चिचा, म्हणजे मक्याची आंबवलेली दारू, त्यातूनच वाढत, आणि पहिला पेला उंबऱ्याशी जमिनीला देत. तो घडवला होता कुंभारीण सातुर्निनाच्या आईनं. आई गेली, तिची मातीची खाणही पुरात गेली. तसा रांजण आता पुन्हा होणार नव्हता.

पाद्र्यांनी वही उघडली. "सातुर्निनाबाई, हा रांजण हेंतीलिको आहे का?"

सातुर्निनाचा ऊर भरून आला. "हे काय विचारणं झालं, पाद्रे? अख्ख्या खोऱ्यात याच्याइतकं हेंतीलिको दुसरं काही नाही. माझ्या आईच्या हातचा आहे."

"म्हणजे तुम्ही कबूल करता?"

"कबूल काय करायचंय त्यात? गावात कुणालाही विचारा."

त्यांनी घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्या बासिलिओला विचारलं.

"रांजण तर आहेच," तो म्हणाला. "घंटाही लिहा. आणि सान इसिद्रोंची मूर्ती राहिली. लाकूड बघा, एक कीड नाही."

"सान इसिद्रो संत आहेत, बासिलिओ."

"असू देत की. संत झाला म्हणून काय माणूस हेंतीलिको नसतो?"

संध्याकाळपर्यंत यादीत पूल आला, सरपंचाचं खेचर आलं, बासिलिओची मावशीही आली. पाद्र्यांना वाटलं, गाव आपली थट्टा करतंय. त्यांनी वही मिटली आणि सातुर्निनाला सांगितलं, "उद्या रांजण फोडायचा."

तिनं रांजणावरून हात फिरवला. मग म्हणाली, "चांगला आहे म्हणून फोडायचा? माझ्या अंगणात तडा गेलेले तीन पडलेत, पाद्रे. फोडायचेच असले तर ते घ्या."

"चांगला?" पाद्रे थबकले. "हेंतीलिको म्हणजे काय, असं तुम्ही समजता?"

"एवढं शिकलात आणि हे मला विचारता? जुन्या हातानं मन लावून केलेलं, आणि अजून न गळणारं. दुसरं काय?"

पाद्रे उंबऱ्यावर बसले. वहीतल्या प्रत्येक नावावरून त्यांनी पुन्हा बोट फिरवलं. मग त्यांनी पान फाडलं आणि नव्या पानावर बिशपांना लिहिलं: 'ज्याला आपण हेंतीलिको म्हणता आणि ज्याला हे लोक म्हणतात, ते एक नव्हे. रांजण मी ठेवत आहे. दोष असल्यास माझा.'

सणाला पहिला पेला जमिनीला गेला, दुसरा पाद्र्यांना. ते प्यायले, तोंड पुसलं आणि म्हणाले, "हेंतीलिको."

"खोटं नका बोलू," सातुर्निना म्हणाली. "चिचा यंदा आंबट झालीय. हेंतीलिको आहे तो रांजण."

मित्रांनो, आता वायाकोचात प्लास्टिकची पिंपं आली आहेत. त्यांना पाहून माझी आठवण कुणाला येत नाही. महिनोन्‌महिने मी कुणाच्या जिभेवर बसत नाही. कुणाचा शब्द कानाला खटकला, तर शब्दकोश जरूर उघडा, पण आधी बोलणाऱ्याचा हात कशावर ठेवलेला आहे ते बघा. आणि तुमच्या घरात जुन्या हातची, अजून न गळणारी एखादी वस्तू असेलच. तिच्यावरून हात फिरवून एकदा मोठ्यानं हेंतीलिको म्हणा. तिला बरं वाटेल, आणि मी आणखी थोडा जगेन.