आप्पासाहेबांच्या वहीतली माणसं

मी एक जुनी वही आहे. तुमच्या वहीचं शेवटचं पान असतं, तिथं माझं पहिलं पान आहे. म्हणून नवख्या माणसाला मी उलटी वाटते.

मित्रांनो, मला कोणी दुकानातून विकत आणलं नाही. शहागंजात नूरमोहम्मद नावाचे जिल्दसाज होते, म्हणजे पुस्तकं बांधणारे. त्यांनी जुन्या रजिस्टरांतली कोरी राहिलेली पानं जमवली, दाभणानं भोकं पाडली, दोऱ्यानं शिवली आणि खळ लावून वर पुठ्ठा चढवला. दाभण टोचलं तेव्हा दुखलं का, असं तुम्ही विचाराल. नाही दुखलं. मला तेव्हाही फारसं काही वाटत नव्हतं.

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला तेव्हा बारा वर्षं झाली होती. मला नेलं आप्पासाहेबांनी. ते मूळचे बिडकीनचे, इथं शहरात कचेरीत कारकून. त्यांची सगळी शाळा निजामाच्या राज्यात, उर्दूतून झालेली. पुढे कचेरी मराठीत आली तेव्हा ते बाळबोध अक्षरं शिकले, पण कामापुरतीच. हात भरभर चालायचा तो उर्दू अक्षरांत. त्यामुळे त्यांनी माझ्यावर जे लिहिलं ते सगळं मराठी, आणि अक्षरं मात्र उर्दू.

लिहिलं काय, तर रोजचंच. नळाला पाणी आलं नाही तो दिवस. चप्पल शिवून घेताना गेलेला तास. रेशनची रांग. सांडू नावाच्या जामवाल्याशी, म्हणजे पेरू विकणाऱ्याशी, घातलेली हुज्जत. दर रविवारी नूरमोहम्मदांच्या दुकानात चार मित्र जमत आणि आप्पासाहेब नवा लेख वाचून दाखवत. "क्या बात है आप्पा, रांग डोळ्यापुढं उभी केली," असं कोणी म्हणे आणि त्यांचा चेहरा उजळे. पंधरा वर्षं असं चाललं.

मग एका उन्हाळ्यात आप्पासाहेब गेले. मी फळीवर पडून राहिले. धूळ बसली, झुरळांनी एक कोपरा खाल्ला. मला काही वाटलं नाही. त्यांच्या पत्नी चतुराबाईही तशाच झाल्या होत्या. रडल्या नाहीत, कुणाशी भांडल्या नाहीत. भाकरी थापत, खात, निजत.

मुलगा बद्रीनाथ मराठी शाळेत शिकलेला. एक दिवस त्यानं मला झटकून उघडलं.

"आई, हे तर उर्दू हाय. आपल्याला काय कळायचं? रद्दीत देतो."

चतुराबाईंनी मला त्याच्या हातातून काढून घेतलं. "पंधरा वर्षं माझ्याकडं पाठ करून लिवत बसायचे. काय लिवलं ते ऐकल्याबिगर द्यायची नाय."

मला पिशवीत घालून त्या शहागंजात गेल्या.

"भाई, एवढं वाचून दाखवा. मी हाय का यात, ते बघायचंय."

नूरमोहम्मदांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. आपलीच बोली कानावर पडली तशा चतुराबाई थोड्या पुढे सरकल्या. सकाळी उठलो. चहा आला. पेपर वाचला. पुढच्या लेखात रांगेतून घरी आलो, जेवण झालं, चहा आला. आजारपणाच्या लेखात काढा आला, धुतलेला सदरा आला. कोणी आणला ते कुठंच नव्हतं. जामवाल्याचं नाव होतं. नळ दुरुस्त करणाऱ्या रामकिसनचंही होतं.

चतुराबाई खाली बघत होत्या. नूरमोहम्मदांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि वाचलं, "चतुराबाईनं चहा आणला. फार चांगला झाला होता."

मित्रांनो, असं माझ्यावर लिहिलेलं नाही.

"ते तुमच्या पदरचं हाय, भाई," चतुराबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "चाळीस वर्षांत त्यांनी माझं नाव तोंडानं घेतलं नाय. कागदावर कुठून घेतील?"

"भाभी, रिवाजच तसा होता. आमच्यात तरी कुठं वेगळं हाय?"

"रिवाज ठावं हाय मला. मी बी त्यांचं घेतलं नाय. पण सांडूचं घेतलं की त्यांनी."

नूरमोहम्मदांनी पान उलटलं. तेवढ्यात आतला पडदा हलला. त्यांची सून दोन कप ठेवून परत गेली. नूरमोहम्मदांनी वर न बघताच आपला कप उचलला. तेव्हा मात्र मला वाटलं. मला माझी लाज वाटली. इतकी पानं होती माझ्यापाशी, आणि एक नाव मावलं नाही.

"कोरं पान हाय का?" चतुराबाईंनी विचारलं.

"शेवटचं एक हाय."

"मग लिवा. आज शहागंजात चहा आला." लिहून होईपर्यंत त्या थांबल्या. "आत कोण हाय ती? नाव काय तिचं?"

"रईसा. आमची बहू."

"लिवा, रईसानं आणला."

नूरमोहम्मदांनी लिहिलं. पेन तसंच धरून त्यांनी हळूच विचारलं, "आणि भाभी, तुमचं?"

"माझं ऱ्हाऊ द्या. ज्यांनी लिवायचं ते गेले."

चहा संपवून त्या उठल्या. मला त्यांनी बरोबर नेलं नाही.

तेव्हापासून मी या दुकानातच आहे. मित्रांनो, वही जपा, पानं फाडू नका, असं सगळ्या वह्या सांगतात. ते मी सांगत नाही. लिहायला बसाल तेव्हा चहा कोणी आणला ते लिहा, आणि ते माणूस घरात आहे तोवर त्याला वाचून दाखवा.