फडक्यातला खिळा

“काचेचं भांडं, बुडाला तीन लाटा,” काशी पुटपुटली. पेजेचा वाडगा तिने डोक्याच्या वर उचलला आणि खालून निरखला. लाटा होत्या, म्हणजे हे भांडं मशीनला चालणारं. तरी जीव थाऱ्यावर येईना.

हे पाठांतर तिच्या सुनेने, पुष्पलताने, करून घेतलं होतं. मायक्रोवेव्हच्या मशीनमध्ये स्टील नको, जर्मनचं पातेलं नको, सोनेरी काठाची बशी नको, हॉटेलातून आलेला प्लास्टिकचा डबा तर मुळीच नको. घट्ट झाकण नाही, वर नुसतं सुती फडकं. तीस सेकंद ठेवायचं, नीट ढवळायचं, मग मनगटावर थेंब टाकून बघायचा.

चाळीस वर्षं साखरशेत गावच्या पाड्यावर चुलीपुढे बसलेली बाई ही. नागलीच्या भाकरीला आच किती हवी, ते तिला जाळाच्या रंगावरून कळायचं. आणि इथे जव्हारच्या या दोन खोल्यांत जाळच नाही! दिवा लागतो, ताट गोल फिरतं, अन्न आपोआप तापतं. दिसणाऱ्या विस्तवाला माणूस जपेल हो, न दिसणाऱ्याला कसं जपायचं? काशीला त्या पेटीची मनापासून भीती वाटायची.

पण बोलायला तोंड नव्हतं. मागच्या आठवड्यात गॅसचं बटण तिच्या हातून अर्धवट राहिलं. पुष्पलता ऑफिसातून आली तर घरभर वास, आणि सात महिन्यांचं बाळ झोळीत झोपलेलं. मुलगा मुकेश मोखाड्याला मास्तर, शनिवारीच घरी येणारा. तो या भांडणात नव्हताच.

“आई, आजपासून गॅसला हात लावायचा नाही,” पुष्पलता रडत म्हणाली होती. “आणि परत असं काही झालं, तर मी नाशिकहून माझ्या आईला बोलावीन. जीव मुठीत धरून मी नोकरी नाही करू शकत.”

दोन खोल्यांत दोन आज्या मावणार नव्हत्या. विहीणबाई आल्या की काशीने पिशवी उचलून साखरशेत गाठायचं, हे न बोलताच ठरलेलं होतं. नातवाशिवाय राहायची कल्पनाच तिला सोसवत नव्हती.

अकराच्या सुमाराला शेजारीण डोकावली. “अगंबाई, मावशी, एवढा वाडगाभर खातो? दृष्ट लागेल हो!” असं म्हणून हसत निघूनही गेली. गेली ती गेली, पण काशीच्या मनात किडा सोडून गेली. लेकराच्या पेजेवर परका डोळा पडला की वर लोखंड ठेवायचं, ही तिच्या पाड्यावरची रीत. तिच्या आईने केलं, मुकेशच्या वेळी तिने केलं. झोळीच्या दोरीला बांधलेला खिळा तिने सोडला, फडक्याच्या कोपऱ्यात त्याची गाठ मारली आणि फडकं वाडग्यावर पांघरलं. आता कुठे तिला बरं वाटलं.

तेवढ्यात बाळाने भोकाड पसरलं. काशीने घाईने वाडगा आत ठेवला, दार लावलं, बटण दाबलं. लोखंडाचं भांडं आत घालायचं नाही, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. पण खिळा काय भांडं आहे? तो तर राखणीचा. तिला त्याची आठवणसुद्धा झाली नाही.

तडतड आवाज झाला. आत निळी ठिणगी उडाली, मग दुसरी, आणि फडक्याने पेट घेतला.

“आये माझे, मेले मी!” काशी किंचाळली. पेटतं फडकं ओढायला तिचा हात दाराकडे गेलाच होता, तोच सुनेचं बोलणं आठवलं. जाळ दिसला तर दार उघडायचं नाही, आधी भिंतीवरचं बटण. तिने बटण बंद केलं, बाळाला छातीशी धरलं आणि धावत ओटीवर आली. बाळ मात्र रडायचं थांबून टकामका बघत होतं.

किंकाळी ऐकून शेजारीण धावत आली. वास घेऊन हलक्या आवाजात म्हणाली, “विझलंय सगळं. फडकं टाकून द्या, आतून पुसून काढा. पुष्पाला कळणारही नाही.”

काशीने पुसलं. जीव तोडून पुसलं. मशीनच्या आतल्या बाजूचा काळा डाग काही निघेना. त्याच्यापुढे भांडी रचून टाकावी, असंही एकदा मनात आलं. मग वाटलं, दुपारी जेवायला आली की पुष्पा हे मशीन चालू करील, बाळ तिच्या कडेवर असेल आणि पुन्हा काही उडालं तर? तिने बाळाला केळं कुस्करून भरवलं आणि पायरीवर बसून राहिली.

दीड वाजता पुष्पलता जेवायला आली. चप्पल काढायच्या आत काशी म्हणाली, “पुष्पा, मशीनमधी जाळ झाला. फडक्याला खिळा व्हता, मी बांधलेला. ते तू आता चालू नको करू, बाय.”

पुष्पलताने बाळाचे हात-पाय चाचपून पाहिले. मग आत जाऊन डाग पाहून आली.

“दार उघडलं होतंत?”

“नाय. तू सांगितलं व्हतं ना. आधी बटण बंद केलं.”

“बरं केलंत.” ती तिथेच खाली बसली. “आई, मला राग नाही हो आला. पण मला भीती वाटते. ऑफिसात आता बसवणार नाही मला.”

“मनाबी भ्या वाटं,” काशी म्हणाली. खूप भ्यायली की तिला घरचीच बोली यायची. “लाव फोन तुझ्या आयशीला.”

पुष्पलताने फोन लावला. “आई, तू ये. उद्याच ये,” एवढं बोलून ती रडायला लागली. काशीने बाळ खांद्यावर घेतलं आणि फोनसाठी रिकामा हात पुढे केला.

“विहीणबाई, काशी बोलतंय. आयका. तो झोपताना कान धरतो. तेव्हा तुमच्या कुड्या काढून ठेवा, त्याच्या बोटाला टोचत्यात.”

तिकडून विहीणबाई बरं म्हणाल्या.

“डावा कान,” काशी म्हणाली. “उजवा नाय धरत.”

तिने फोन सुनेला दिला. बाळ खांद्यावर पेंगुळलं होतं. तिच्या डाव्या कानावरचा त्याचा हात सुटू नये म्हणून ती मान तिरकी करून उभी राहिली.